हिरवी चिंधी

१

फड तोडायचा म्हणून बिराप्पाची टोळी दिवस उगवायलाच उसात शिरली आणि पहिला ऊस तुटायच्या आत ओरडत बाहेर आली.

येळगव्हाणचा पोलीस पाटील हिंदुराव तेव्हा नुकताच आंघोळ करून देवापुढं उभा होता. पलटणीतून पेन्शनीवर आल्यापासून त्याचा हा नेम चुकला नव्हता. दारात बिराप्पा उभा राहिला. जतकडचा धनगर माणूस. तिकडं पाऊस नाही म्हणून बायकापोरं घेऊन दर साली वाळव्याकडं ऊसतोडीला यायचा. त्याच्या पोटऱ्या चिखलानं माखल्या होत्या.

"पाटील... बाई बिद्दाळ. पडल्याली हाय. नर्सबाई."

हिंदुराव तसाच ओल्या अंगानं निघाला.

नदीकडं जाणाऱ्या बांधावर लीलाबाई पालथी पडली होती. दवाखान्याच्या खोलीत राहणारी, वाड्यावस्त्यांवर पायी फिरून बाळंतपणं करणारी नर्सबाई. डोक्याच्या मागं घाव होता. पांढरी साडी चिखलात भिजून काळी झाली होती. पाय अनवाणी.

बांधावरून मागं येत हिंदुरावनं उसाच्या सरीत नजर फिरवली. गावाच्या वाटेला लागून, प्रेतापासून बऱ्याच अंतरावर, तिची पिशवी आणि चपला पडल्या होत्या. एका चपलेचा अंगठा तुटला होता आणि तो हिरव्या चिंधीनं घट्ट बांधला होता. पिशवीत एक नारळ आणि हिरवा खण होता. खणाची एक कड फाडलेली. आदल्या दुपारी पवारांच्या मळ्यात बाळंतपण सुखरूप झालं, म्हणून बाळंतिणीच्या सासूनं तिची ओटी भरली होती. "दिवस होता तवाच गेली की वो," ती सासू नंतर म्हणाली. "पायात चपला धड हुत्या. खणबी मी कोराच घातला."

लोक जमायच्या आत हिंदुरावनं त्या वस्तू टॉवेलात गुंडाळल्या. इस्लामपूरहून फौजदार आले, येताना पंच बरोबरच घेऊन आले. त्यांनी पिशवी आणि चपला मोहोरबंद केल्या आणि हिंदुरावला बाजूला घेतलं.

"पाटील, ह्या वस्तू सापडल्याचं गावात कुणाला कळता कामा नये. बायकोलासुद्धा नाही."

हिंदुराव पलटणीतला माणूस. हुकूम म्हणजे हुकूम.

मग फौजदारांची नजर बिराप्पाच्या पोटऱ्यांवर गेली. "हा चिखल कुठला रे?" त्यांनी विचारलं. बिराप्पा घाबरून कानडीतच काहीतरी सांगू लागला. ते कुणाला कळलं नाही, आणि कळून घ्यायची कुणाला गरजही वाटली नाही. त्याला जीपमध्ये घालताना हिंदुरावनं स्वतःच्या हातानं त्याचा दंड धरला होता. टोळीतल्या बाकीच्यांना गावानं त्याच दुपारी पिटाळून लावलं.

२

पोलिसांना बिराप्पाकडून काही निघालं नाही. काही महिन्यांनी त्याला सोडलं, आणि मग गावाची पंचाईत झाली. परका माणूस सुटला म्हणजे आता बोट कुणाकडं करायचं?

गावानं ते बाईकडंच केलं.

मळ्यातून गावाकडं सरळ वाट असताना ती नदीच्या बांधाला का वळली? कुणीतरी बोलावलं असणार. नवरा मिलटरीत, बाई तरणी, एकटीच खोलीत राहते, येळ न अवेळ हिंडते. कुणी म्हणे इंजिनवाल्याशी होतं. कुणी म्हणे नदीपलीकडच्या मास्तराशी. पारावर रोज नवा माणूस तिच्या पदरी बांधला जायचा. हिंदुराव पाटील म्हणून पारावर बसायचा. तो बोलायचा नाही, पण उठूनही जायचा नाही. एकदा एकानं फारच रंगवून सांगितलं तेव्हा तो सगळ्यांबरोबर हसलाही होता.

साल उलटलं. पुन्हा तोडीचा हंगाम आला आणि एका सकाळी त्याच्या सोप्यात एक म्हातारी येऊन बसली. म्हसवडची राहीबाई. लीलाबाईची सासू.

हिंदुरावच्या बायकोनं, बनाबाईनं, चहा आणून ठेवला. म्हातारीनं तो सरकवला.

"माझा ल्योक दोनदा रजंवर आला पाटील. बायकूचा फोटू भितीवरनं काढून ठिवला. वर्षश्राद्धालाबी आला न्हाई. का, तर तुमच्या गावाकडचं कोण म्हसवडला शिदोबाच्या जत्रंला आलं आन सांगून गेलं, तिला भेटाय कुणी यायचं म्हणून." ती थांबली. "मी इचाराय आलेय. कुणी बघितलं?"

"मावशी, लोक बोलत्यात..."

"लोक म्हंजी कोण? नाव सांगा की."

हिंदुराव आठवू लागला. इतके महिने तो ऐकत होता, आणि त्याला 'मी पाहिलं' म्हणणारा एकही माणूस आठवेना.

"येकाचं तरी सांगा," म्हातारी म्हणाली. "मी जाऊन त्याचं पाय धरते. म्हणते बाबा, खरं आसंल तर माझ्या लेकाच्या म्होरं सांग. तो मेल्यावानी जगतोय."

हिंदुरावला तिच्याकडं बघवेना. त्यानं चहाची कपबशी उचलून आत नेली, उगीचच.

३

संध्याकाळी जेवताना बनाबाईनंच विषय काढला. तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली, "म्हातारीची दया येती वो. पण लोकांचंबी काय चुकलं? चपलंला हिरवी चिंधी बांधून बाई चालल्यावर लोक बोलणारच की. ती खूणच हुती म्हणं. लांबनं वळखाय यावं म्हणून."

हिंदुरावचा घास हातातच राहिला.

"काय म्हणालीस?"

"काय? सगळ्या गावाला ठावं हाय."

"चिंधीचं तुला कुणी सांगितलं?"

त्याच्या आवाजानं ती दचकली. "अंबूनं. गिरणीत. आवं, असं का बघताय?"

त्यानं ताट बाजूला सारलं. ती चप्पल त्यानं पाहिली होती, फौजदारांनी आणि इस्लामपूरच्या त्या दोन पंचांनी पाहिली होती. गावात कुणीही नाही. खण मळ्यातून कोरा निघाला होता, चपला धड निघाल्या होत्या. म्हणजे अंगठा वाटेत तुटला आणि चिंधी वाटेतच बांधली गेली. दोन्ही बाजूला पुरुषभर ऊस असलेल्या त्या वाटेवर जो तिला भेटला, त्यालाच ती चिंधी दिसणार. आणि जो भेटला त्यानं साल-दीड साल पोलिसांना काही सांगितलं नव्हतं. गावाला मात्र सांगितलं होतं.

"तू आनिक कुणाला बोललीस?" त्यानं बायकोला विचारलं.

बनाबाईनं चुलीतलं जळण मागं ओढलं.

"म्हसवडच्या जत्रंला माझा भाऊ गेला हुता," ती शेवटी म्हणाली. "त्याला म्या सांगितलं हुतं."

त्या रात्री त्या घरात दोघंही भिंतीकडं तोंड करून झोपले.

४

अंबूबाई गिरणीवर दळण टाकायची. हिंदुराव आलेला पाहून तिनं पदर सावरला आणि विचारायच्या आत सांगून टाकलं, "मी न्हाई बाई कुणाच्या आध्यात न मध्यात."

"वैनी, तुमाला चिंधीचं कुणी सांगितलं येवढंच सांगा."

"आता काय आठवतंय का?" ती पिठाच्या डब्याशी उगीच खटपट करत राहिली. हिंदुराव हलला नाही. गिरणीच्या पट्ट्याचा फटफट आवाज तेवढा चालू होता. मग तिनं हळूच सांगितलं, "लालासाहेब तात्या आमच्या ह्यांच्याशी बोलत हुतं. म्या दाराआडनं ऐकलं." आणि मग रडकुंडीला येऊन म्हणाली, "पाटील, माझ्या धाकटीच्या बाळंतपणाला तीच आली हुती हो. पोर आडवं हुतं. तिनंच सोडवलं."

"मग तरी बोललासा तुमी?"

अंबूबाईनं डब्याचं झाकण लावलं.

लालासाहेब म्हणजे पारावरचं वडीलधारं माणूस. गावातली कुठलीही गोष्ट त्याच्याकडून पुढं गेली की खरी ठरायची. तो पानाला चुना लावत बसला होता.

"तात्या, नर्सबाईच्या चपलंला हिरवी चिंधी हुती, हे तुमी बघितलं?"

"म्या कशाला बघतोय? माझं गुडघं चालू देत्यात का तिकडं?"

"मग?"

"अरं, जोतीराम बोलला. तुझाच चुलतभाऊ की. पाटकरी माणूस, दिसभर पाण्याबरूबर रानात असतोय, त्याला समदं ठावं." तात्यानं पान तोंडात टाकलं. "आता मेलेल्या माणसाचं कशाला उकरतोयस हिंदू? गावाची आब्रू जाती."

"गावाची न्हाई गेली तात्या अजून. तिची गेली," हिंदुराव म्हणाला. आपण हे साल-दीड साल उशिरा बोलतोय, हे त्याचं त्यालाच टोचलं.

जोतीराम. पाणी संस्थेचा पाटकरी. पाटाच्या मोऱ्या उघडायच्या, कुणाच्या रानाला पाळी द्यायची, कुणाची तोडायची, हे त्याच्या हातात. हसतमुख माणूस, लग्नकार्यात पुढं. खुनाच्या सांजेला तो वरच्या अंगाच्या मोरीवर होता, असं त्यानं फौजदारांना सांगितलं होतं आणि ते हिंदुरावनंच खरं म्हणून दुजोरा देऊन सोडलं होतं. भाऊ खोटं कशाला बोलेल?

हिंदुराव त्याच्याकडं लगेच गेला नाही. आधी त्याला एक शंका फेडायची होती. चपला बिराप्पानंही पाहिल्या असतील. त्याच्या तोंडून गोष्ट फुटली असेल. खरं सांगायचं तर तसं निघावं, असं त्याला मनातून वाटत होतं.

५

जतपासून पुढं टँकरच्या धुरळ्यात चालत तो बिराप्पाच्या वस्तीवर पोचला. ज्वारीची चिपाडं उभी होती, मेंढरं सावलीला एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून उभी होती. बिराप्पानं त्याला ओळखलं आणि उभा राहिला. उजव्या हाताची बोटं वाकडी झाली होती. त्या हातात कोयता धरता येणार नाही, हे कुणीही सांगितलं असतं.

हिंदुरावनं मान खाली घालून विचारलं, "त्या दिवशी तू चपला बगितल्या हुत्या का रं? वाटंजवळ?"

"चपला? न्हाई. मी नदीकडनं शिरलो. बांधावर बाई दिसली, तसाच पळालो." तो थोडा थांबला. "मला हेच इचाराय पायजे हुतं तवा. कुणी इचारलं न्हाई. पयलं मारलं."

त्याच्या बायकोनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. ह्या मुलखात पाणी म्हणजे काय, हे हिंदुरावला माहीत होतं. त्यानं तांब्याला हात लावला नाही.

"तुझ्या पायाला चिखल लय हुता," तो म्हणाला.

"व्हय. त्याचंच तर मी सांगत हुतो जीपजवळ. मालकानं फड दावला तवा रान कोरडं खडखडीत हुतं. सकाळी बघतोय तर पाणी सोडल्यालं. तोडीच्या उसात पाणी कोण सोडतंय पाटील? मी सायबाला म्हणत हुतो, हे पाणी आमचं न्हाई."

हिंदुराव शेतकरी होता. त्याचा स्वतःचा ऊस दर साली कारखान्याला जात होता. तोडीआधी पाणी तोडतात, जमीन वाळू देतात, हे त्याच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. साऱ्या गावानं तो चिखल पाहिला होता. तो बिराप्पाच्या पायाला होता, तिच्या साडीला होता, त्याच्या स्वतःच्या पायालाही होता. आणि ह्या चिखलाचं पाणी कुठून आलं, असं साऱ्या शेतकऱ्यांच्या गावात एकानंही विचारलं नव्हतं. सगळे तिच्या चालीचा विचार करत होते.

पाण्यानं पावलं पुसली जातात. रक्तही. आणि पाटाचं पाणी एकाच माणसाच्या हुकमानं वळतं.

"बिराप्पा," तो म्हणाला, "माझं चुकलं."

बिराप्पा मेंढरांकडं बघत होता. "पाणी प्या पाटील," एवढंच तो म्हणाला.

६

जोतीराम मोरीवर बसून तंबाखू मळत होता. खोरं शेजारी उभं. भावाला पाहून त्यानं जागा करून दिली.

"आबा, आज इकडं?"

"चिंधीचं इचारायचं हुतं. नर्सबाईच्या. तात्या म्हणला तू सांगितलंस."

जोतीरामचा तंबाखू मळणारा हात क्षणभर थांबला. मग पुन्हा मळू लागला.

"मी कुठं बघितलं? मला धोंडुबाईनं सांगितलं. रंडकी बाई, त्या सांजंला त्याच उसात वैरण चोरत बसली हुती. तिनं बघितलं सगळं. तिलाच इचारा. तीबी काय कमी न्हाई म्हणा."

हिंदुराव तसाच उठला.

धोंडुबाई गावाबाहेरच्या छपरात एका म्हशीवर पोट भरायची. तो दारात दिसताच ती उभ्या उभ्या पांढरी पडली.

"धोंडुबाई, नर्सबाई गेली त्या सांजंला तू त्या उसात हुतीस?"

"न्हाई. कोण म्हणतंय? मी घरीच हुते."

"जोतीरामला तू चिंधीचं सांगितलंस म्हणं."

"आई शप्पत! त्या चिंधीचं मी कुणाला म्हंजी कुणालाबी..." ती बोलता बोलता थांबली. दोन्ही हात तोंडावर गेले.

म्हस रवंथ करत होती. हिंदुराव उंबऱ्यावर बसला. त्यानं आवाज खाली आणला.

"ऐक माझं. तू कुणालाच सांगितलं न्हाईस, मला पटतंय. उसात हुतीस, तेबी कुणाला सांगितलं न्हाईस. व्हय ना?"

तिनं मान हलवली.

"मग तू तिथं हुतीस हे जोतीरामला कसं कळलं? तो तर वरच्या मोरीवर हुता."

धोंडुबाईनं त्याच्याकडं पाहिलं. साल-दीड साल तिनं जे दाबून धरलं होतं ते तिच्या तोंडावर आलं आणि ती जमिनीवर बसली.

"मी बांधाचं गवत कापत हुते. वाटंवर नर्सबाईचा आवाज आला. 'वाट सोड,' म्हणत हुती. मी उसाच्या फटीतनं बघितलं तर तुमचा जोतीराम. ती खाली वाकून चिंधी बांधल्याली चप्पल नीट करत हुती, ह्यानं तिचा हात धरला. तिनं वाजवली त्याच्या थोबाडात. म्हणाली, 'पाटलाला सांगते.' तर हा हसला. 'सांग की,' म्हणला, 'पाटील आमचाच हाय.'"

हिंदुरावचं डोकं खाली गेलं.

"तिनं पिशवी टाकली, चपला टाकल्या आन पळाली. वाट त्यानं अडवली हुती, म्हणून बांधाकडं पळाली. हा खोरं घिऊन मागं. म्होरचं म्या बघितलं न्हाई. आवाज ऐकला. भारा घिऊन बाहेर पडले तर समोर हाच. पाणी वळवत हुता. मला म्हणला, 'कुणी इचारलं तर काय सांगशील, तू एकटी उसात काय करत हुतीस?'"

"आगं, पर तू मला येऊन सांगायचंस!"

तेव्हा मात्र धोंडुबाईनं डोळे वर केले.

"कुणाला सांगू? आदी त्याचं भ्या. म्होरं तुमी सगळी पारावर बसून तिचं काय काय करत हुता ते ऐकत हुते की मी. ती तर सरकारी बाई, शिकल्याली, नवऱ्याची. तिला मेल्यावर सोडली न्हाई तुमी. मला जिती कशी सोडली असती?"

७

त्यानं जोतीरामला मोरीवरच गाठलं. ह्या वेळी तो बसला नाही.

"तोडीच्या फडात पाणी कुणी सोडलं रं?"

"पाट फुटला आसंल."

"पाट फुटला की तू गावभर बोंब मारतोस. त्या दिवशी गप का ऱ्हायलास? आन मोरीवर हुतास, तर खाली उसात कोण वैरण कापतंय ते तुला दिसलं कसं?"

जोतीरामनं खोऱ्याला हात घातला, मग काढून घेतला. त्याचा चेहरा एकदम लहान पोरासारखा झाला.

"आबा, माझ्या मनात न्हवतं. तिनं हात उगारला. गावात सांगितलं असतं तर माझं तोंड..." तो हिंदुरावजवळ सरकला. "झालं ते झालं. घरातलं हाय. तिला काय आता परत यायचं हाय? तुमच्या चुलतीला तरी बघा, म्हातारीला. तुमीच आमचं पाटील."

"त्याचीच लाज वाटती मला," हिंदुराव म्हणाला. "चल. माझ्याबरूबर फौजदाराकडं चल."

जोतीरामला वाटलं असेल, भाऊ आडवा वळून घराकडं नेईल. पण हिंदुराव इस्लामपूरच्या रस्त्याला लागला. वाटेत चुलतीचं, जोतीरामच्या आईचं, घर होतं. म्हातारी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. दोघांना बरोबर जाताना पाहून तिनं कौतुकानं हाक मारली, "जेवायला येताय न्हवं रं दोघं?"

दोघांतल्या कुणीही वळून पाहिलं नाही.

८

बाजाराच्या दिवशी हिंदुराव पारावर चढला. बोलायची सवय नव्हती, तरी बोलला. चिंधी कुठून आली, पाणी कुणी सोडलं, बाई बांधाकडं का पळाली. बिराप्पाचा हात कसा झालाय. चिंधीची गोष्ट म्हसवडला कुणाच्या घरातून गेली, हेही सांगितलं आणि आपल्या बायकोचं नाव घेतलं. मग म्हणाला, "आन मी हितं बसून हसलोय. तेबी सांगतो."

अंबूबाईचा नवरा उठून घरी गेला. माणसं पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली.

शेवटी लालासाहेबानं घसा खाकरला. सवय म्हणा, काहीतरी बोललं पाहिजे म्हणून म्हणा.

"ते समदं खरं. पण काय रं हिंदू, ती धोंडी तरी एकटी उसात काय करत हुती?"

कुणीतरी मागून बारीक हसलं.

हिंदुराव तोंड उघडणार, एवढ्यात आडाकडून आवाज आला. बनाबाई डोक्यावर घागर घेऊन उभी होती. पाटलाची बायको कधी पारासमोर थांबायचीसुद्धा नाही.

"वैरण कापत हुती तात्या," ती म्हणाली. "मीबी जाते. तुमची सूनबी जाती. उद्या आमाला कुणी उसात मारून टाकलं, तर आमी कशाला गेलो हुतो ते हितंच बसून ठरवणार हायसा का?"

मागं हसलेला माणूस कोण, ते कुणी शोधलं नाही. आडावरच्या बायकांनी घागरी उचलल्या आणि त्या बनाबाईच्या मागं चालू लागल्या.

खटला सांगलीला चालला. आरोपीच्या वकिलानं धोंडुबाईला तोच प्रश्न पुन्हा पुन्हा घातला. एकटी उसात काय करत होतीस? ती दर वेळी "वैरण कापत हुते" म्हणाली. समोरच्या बाकावर बनाबाई आणि अंबूबाई तिच्याकडं बघत बसल्या होत्या. राहीबाई त्यांच्या शेजारी होती, पण मधे हातभर जागा सोडून.

साक्ष संपल्यावर हिंदुराव व्हरांड्यात आला. खांबाशी गणवेशातला एक जवान उभा होता. आत यायची त्याची छाती झाली नव्हती. राहीबाईचा मुलगा. त्यानं पलटणीच्या सवयीनं हिंदुरावला सलाम केला, आणि मग हात कुठं ठेवावा ते त्याला कळेना.

"आईनं सांगितलं मला सगळं," तो म्हणाला. "एकच इचारायचं हुतं. शेवटाला ती काय म्हणाली? माझं... कुणाचं नाव घेतलं का?"

हिंदुरावला खोटं सांगता आलं असतं. पोराच्या डोळ्यांकडं बघून तो क्षणभर तसं ठरवूनही बसला.

"पाटलाला सांगते, म्हणाली," तो म्हणाला.

जवानानं मान डोलावली. दोघं तिथंच उभे राहिले, एक रस्त्याकडं बघत, एक भिंतीकडं.